शनिवार तेल्यांचे सण

अष्टागराच्या किनाऱ्यावर, किहीम-नवगावपासून चौल-रेवदंड्यापर्यंत, एके काळी गावोगाव तेलाचे घाणे होते. त्यांतल्या काही घाण्यांचे बैल दर शनिवारी दावणीलाच असत. शुक्रवारी दिवस कलला की लाट थांबे, चूल विझे, दुसऱ्या दिवसाचं जेवण आधीच रांधून झाकून ठेवलेलं असे. बाकीचे तेली महादेवाच्या वारी घाणा बंद ठेवत, म्हणून ते सोमवार तेली. हे शनिवारी ठेवत, म्हणून शनिवार तेली. शेजाऱ्यांना एवढी ओळख पुरे होती.

ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवत. त्यांची परंपरा सांगते की पश्चिमेकडून आलेलं एक गलबत नवगावजवळच्या समुद्रात फुटलं आणि सात पुरुष व सात बायका एवढीच माणसं जिवंत किनाऱ्याला लागली. बाकीच्यांना नवगावात मातीच्या टेकाडांखाली पुरलं. तिथे आज स्मारक उभं आहे. हे केव्हा घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. किहीमच्या घराण्यातले हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला. त्यांनी हा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला धरला होता. त्यांचा ग्रंथ छापून निघायला मात्र 1937 साल उजाडलं, तेही तेल अवीवमध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर कैक वर्षांनी.

पोथ्या समुद्रात गेल्या, असं परंपरा म्हणते. हिब्रू हळूहळू जिभेवरून उतरली आणि घरात मराठी रुजली. अब्राहमचा आबाजी झाला, सॅम्युएलचा समाजी, एझेकिएलचा हसाजी. गावांवरून आडनावं पडली: दिवेकर, रोहेकर, पेणकर, नवगावकर, झिराडकर, अष्टमकर. हाती राहिलं ते थोडकंच. शनिवारचा विसावा, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलेच मासे खाण्याचा नेम, काही उपास, आणि देव एकच असल्याची साक्ष देणारं हिब्रूतलं एक वचन, शेमा. सुंतेला शेमा, लग्नात शेमा, नवस फेडताना शेमा, मरणाच्या वेळीही शेमा. दुसरी प्रार्थना पाठ नव्हती, म्हणून हीच सगळीकडे.

हे बाहेरच्या माणसाच्या नजरेतूनही नोंदलं गेलं आहे. कोचीनच्या यहुदी समाजातले वजनदार व्यापारी एझेकिएल राहाबी यांनी 1768 मध्ये ॲम्स्टरडॅमला एक पत्र पाठवलं. मराठ्यांच्या मुलखात विखुरलेले बेने इस्राएल आहेत, ते तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, त्यांना शेमा तेवढा येतो आणि ते शब्बाथला, म्हणजे शनिवारी, काम करत नाहीत, असा त्याचा आशय होता. या पत्राच्या वेळी त्या साऱ्या समाजाचं एकही प्रार्थनामंदिर नव्हतं. एका गावात दोन घरं, पुढच्या गावात चार, मध्ये खाडी. ही माणसं एक समाज म्हणून टिकली कशी, हा प्रश्न म्हणूनच मोठा आहे. त्याचं उत्तर धर्मशास्त्रात शोधून मिळत नाही. ते या घरांच्या सणावारांत आहे.

सणांची नावंही शुद्ध कोकणी वळणाची. यहुदी वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर थोड्याच दिवसांत खिरीचा सण: नव्या तांदळाची, नारळाच्या दुधातली गोड खीर करायची, ऊद जाळायचा, शेमा म्हणायचा आणि मग पानं वाढायची. जेरूसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याचा शोक ज्या दिवशी करायचा, त्याला नाव पडलं बिरड्याचा सण, कारण त्या दिवसांत वालाचं बिरडं खायचं. पुरीम येतो फाल्गुनाच्या सुमारास, म्हणून तो होळीचा सण. वल्हांडणाला म्हणायचे अनाशी ढाकायचा सण. आंबवलेलं काहीही आठ दिवस वर्ज्य, म्हणून घरातलं आंबट द्रव्याचं भांडं झाकून ठेवायचं. कशासाठी झाकायचं, यामागची इजिप्तमधून सुटकेची सविस्तर कथा वाचायला ग्रंथ नव्हता. भांडं मात्र दरवर्षी झाकलं जाई.

    

सगळ्यांत गंभीर दिवस दारफळणीचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा, योम किप्पूर. आधी गरम आणि मग गार पाण्याने अंघोळ, पांढरे कपडे, दारं लावून दिवसभर कडक उपास. परक्याचा स्पर्शही टाळायचा. घरातली गेलेली माणसं या वेळी घरी येऊन जातात, अशी श्रद्धा होती. त्यांच्या नावाने आदल्या दिवशी पान वाढायचं. आणि दुसऱ्या दिवशी दारं उघडली की शिळा सण. या दिवशी गोरगरिबांना दान द्यायचं, गोडधोड करायचं, नातलगांच्या आणि ओळखीच्यांच्या घरी जाऊन भेटायचं. कोंडून घेऊन केलेल्या उपासानंतर लगेच हात सैल सोडून देण्याचा आणि भेटीगाठींचा दिवस ठेवणाऱ्यांना माणसाचं मन चांगलं कळलं होतं. जगभरच्या यहुद्यांत योम किप्पूर आहे. दुसऱ्या दिवशी असा दानाचा सण पाळण्याची ही रीत बेने इस्राएलांची खास आहे.

या विस्कळीत घरांना यहुदी जगाशी जोडणारा पहिला माणूस म्हणून परंपरा दाविद राहाबी याचं नाव घेते. तो कधी आला याबद्दल मतभेद आहेत; काही अभ्यासक त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशीच जोडतात. त्याची गोष्ट मात्र घरोघर सांगितली जाते. हे लोक खरोखर यहुदी आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे वेगवेगळे मासे टाकले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले-पर असलेले मासे एका बाजूला काढले, नसलेले दुसऱ्या बाजूला सारले, आणि हे आम्ही खात नाही म्हणून सांगितलं. परीक्षा झाली ती ओसरीवरच्या पुरुषांची नाही, चुलीपुढच्या बायकांची, आणि त्या तीत उतरल्या. राहाबीने मग झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले तीन तरुण शिकवून तयार केले. त्यांना काजी म्हणू लागले. काजी गावोगाव फिरत, सुंता आणि लग्नं लावत, तंटे मिटवत. मंदिर नसलेल्या समाजाला चालतीबोलती संस्था मिळाली ती अशी.

पहिलं प्रार्थनामंदिर उभं राहिलं मुंबईत, आणि त्याच्यामागे एका नवसासारखी कथा आहे. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नेटिव्ह कमांडंट होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. आपण बेने इस्राएल आहोत हे सांगितल्यावर, कुराणात ज्यांचा उल्लेख आहे तेच हे लोक म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि ते वाचले, असं परंपरा सांगते. सुटून आलेल्या दिवेकरांनी 1796 मध्ये मांडवीत सिनेगॉग बांधलं. त्याला पुढे शाआर हारहामीम, दयेचं दार, हे नाव मिळालं. त्यात ठेवायला तोराची, म्हणजे धर्मग्रंथाची, गुंडाळी हवी म्हणून ते कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तिथेच वारले. मंदिर 1860 मध्ये जवळच नव्या जागेवर गेलं. तो रस्ता सॅम्युएल स्ट्रीट म्हणून ओळखला जातो. बेने इस्राएल या मंदिराला म्हणत जुनी मशीद. 1840 च्या सुमारास समाजात फूट पडून दुसरं मंदिर झालं, ती नवी मशीद.

त्यानंतर कोकणात मंदिरांची रांगच लागली. रेवदंड्याला 1842 मध्ये, अलिबागच्या इस्राएल आळीत 1848 मध्ये, पनवेलला 1849 मध्ये. घाण्यावरच्या आणि पलटणीतल्या माणसांनी पैसा-पैसा जमवून ही बांधली. 1826 पासून कोचीनचे शिक्षक येऊ लागले होते. ते हिब्रू वाचायला, प्रार्थना सुरात म्हणायला शिकवत. दुसऱ्या बाजूने स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण 1832 मध्ये छापलं. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. घडलं उलटंच: बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, शाळा घेतल्या, आणि आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले. धर्मांतर करणारे अगदी मोजके निघाले.

छापखाना हातात आल्यावर तर या समाजाला भरतं आलं. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा मराठी भाषांतरासह मुंबईत 1846 मध्ये निघाली. पुण्यात 1874 मध्ये निघालेल्या हगादेत चित्रं आहेत, आणि त्यांत नेसत्या लुगड्यातल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. मुंबईच्या शाळेत मुख्याध्यापक असलेले जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं एकामागून एक केली. अनाशीचं भांडं का झाकतात, हे आता घरातल्या मुलाला मराठीत वाचून दाखवता येऊ लागलं.

आणि मग कीर्तन आलं. मुंबईत रंगणारी हिंदू कीर्तनं ऐकून बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी 1880 च्या सुमारास आपल्यातही कीर्तन सुरू केलं. पूर्वरंग-उत्तररंग तोच, साकी-दिंडी-आर्या त्याच, टाळ-पेटीची साथ तीच. आख्यान मात्र अब्राहमाचं, योसेफाचं, मोशेचं, एस्तेर राणीचं. ज्या म्हाताऱ्यांना हिब्रू येत नव्हती, ज्या बायकांना वाचता येत नव्हतं, त्यांना आपल्या धर्माच्या गोष्टी पहिल्यांदा इतक्या रसाळपणे ऐकायला मिळाल्या. योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं तेव्हा श्रोते रडले असतील, यात नवल नाही. मराठी कीर्तनकाराच्या हातात गोष्ट दिल्यावर दुसरं काय होणार! शास्त्री परंपरेतल्या कुणालाही हे सुचलं नसतं. ते सुचायला पंढरीच्या वाटेवरच्या मुलखात शतकानुशतकं राहिलेला समाजच हवा.

सगळंच गोड नव्हतं. समाजाच्या आत गोरा इस्राएल आणि काळा इस्राएल असा भेद होता. मूळ चौदा जणांचे वंशज गोरे, आणि ज्यांच्या घराण्यात बाहेरची आई आली ते काळे. बेटीव्यवहार नव्हता, पंक्तीही वेगळ्या. आजूबाजूच्या जातीव्यवस्थेकडून उचललेली ही गोष्ट लाजिरवाणीच होती. बाहेरूनही दुरावा आला. बगदादहून आलेले यहुदी आधी बेने इस्राएलांच्याच मंदिरात प्रार्थना करत, त्यांच्याच दफनभूमीत माणसं पुरत. पण 1836 मध्ये दाविद ससून यांच्यासह काही बगदादींनी त्या दफनभूमीत मध्ये भिंत घालू द्यावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. मेलेल्यांमध्येही भिंत! ससून घराण्याची दानत मोठी होती, यात शंका नाही: पुण्याचं लाल देऊळ आणि भायखळ्याचं मागेन दाविद ही सिनेगॉग, तसंच ससून रुग्णालय, यांना त्यांचाच पैसा. पण एवढ्या उदार हाताला शेजारच्या गरीब धर्मबंधूची कबर आपल्या कबरीलगत खपू नये, हे वाचताना आजही टोचतं.

बेने इस्राएल आपली वाट आपणच काढत राहिले. केहीमकरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1853 मध्ये शिक्षणासाठी मंडळ काढलं, 1875 मध्ये इस्राएलाइट स्कूल उभं केलं. पैसा दारोदार फिरून जमवलेला; लंडनची अँग्लो-ज्यूइश असोसिएशनही मदत देऊ लागली. पुढे याच शाळेला एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि शाळेला त्यांचं नाव मिळालं. हे कदूरी घराणं मूळचं बगदादचं. भिंत मागणाऱ्यांच्याच समाजातून ही देणगी आली, आणि तिच्यावर माझगावात बेने इस्राएलांची पोरं शिकली. 1922 पासून 1950 पर्यंत शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या रिबेका रूबेन. बायकांचं स्त्री मंडळ 1913 मध्ये निघालं. ते काढणाऱ्यांत डॉ. जेरूशा झिराड होत्या, ज्यांनी नंतर कामा रुग्णालय सांभाळलं आणि 1966 मध्ये पद्मश्री मिळवली. पुरुषांनी मात्र 1917 च्या आसपास एकाला दोन अखिल भारतीय संस्था काढल्या आणि राजकारणावरून एकमेकांशी भांडत बसले.

या सगळ्या भांडणांतून एक ताट कधी उठलं नाही. ते मलिद्याचं. नवस फेडायचा असो, लग्नाआधी असो, सुंता असो, नवं घर असो, कुणी दूरच्या प्रवासाला निघालेलं असो, मलिदा व्हायलाच हवा. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात खवलेला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, काजू-बेदाणे-बदाम. हाताने हलकेच कालवायचं, गोळा होऊ द्यायचा नाही. भोवती पाच तऱ्हेची फळं. मध्ये गुलाबाची फुलं आणि सब्जाच्या डहाळ्या. हिब्रूतून एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलियाह संदेष्ट्याचं गाणं म्हटलं जातं, सगळे मिळून, पुरुषांबरोबर बायकाही. मग सुगंधासाठी वेगळा आशीर्वाद, झाडाच्या फळासाठी वेगळा, जमिनीतल्या पिकासाठी वेगळा. सब्जाची डहाळी हातोहात फिरते, प्रत्येक जण वास घेतो. आणि मग वाटप. मलिदा एकट्याने खायचा पदार्थच नाही. आलेल्या प्रत्येकाच्या हातात तो पडायला हवा, मग तो आळीतला असो की परगावचा, यहुदी असो की शेजारचा मराठा किंवा मुसलमान.

एलियाह हा संदेष्टा जगभरच्या यहुद्यांना प्रिय आहे. बेने इस्राएलांना तो गावचा वाटतो. अलिबाग तालुक्यात सागाव-खंडाळा इथे एका खडकावर खुणा आहेत. एलियाह स्वर्गात जाताना त्याच्या रथाची ती निशाणी, असं मानतात. जागेचं नाव एलियाहू हनाबीचा टापा. तू बिश्वात, म्हणजे झाडांच्या नववर्षाच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, मुंबई-ठाणे-पुण्याहून गाड्या भरून लोक तिथे जातात, ताटं मांडतात, नवस बोलतात आणि फेडतात. उघड्या माळावर चटया अंथरून शंभर तोंडांनी गाणं सुरू झालं की काळा-गोरा, जुनी मशीद-नवी मशीद कुठे राहतं?

आनंदाचं दुसरं ठिकाण म्हणजे सिम्हाथ तोरा. तोराचं वर्षभराचं वाचन त्या दिवशी संपतं आणि लगेच पहिल्या पानापासून सुरू होतं. गुंडाळ्या बाहेर काढून छातीशी धरायच्या आणि मंदिरात सात फेऱ्या घालत नाचायचं. मुंबईत तरुण पोरं त्या रात्री एका सिनेगॉगमधून दुसऱ्यात हिंडतात. पडदा उघडण्याचा, गुंडाळी उचलण्याचा मान बोली लावून घेतला जातो आणि तो पैसा मंदिराच्या खर्चाला जातो. लग्नातही अशीच मजा. मेंदी तर कोकणातल्या कुठल्याही घरासारखी. पण मंदिरात वधू पांढऱ्या वेषात आत येऊ लागली की नवरा तिच्याकडे पाहत स्वतः हिब्रू गीत गातो. आणि पवित्र पेल्यात द्राक्षाची दारू नसते. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं शरबत असतं. शुक्रवारच्या संध्याकाळी घरीही हेच, आणि ते लेकरांपासून आजीपर्यंत सगळ्यांना मिळतं.

1948 मध्ये इस्राएल राष्ट्र झालं. तेव्हा बेने इस्राएल सुमारे 20 हजार होते. तिथे गेलेल्यांपुढे एक कठीण प्रसंग उभा राहिला. 1962 मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या यहुद्याशी लावताना त्याच्या आई-आजीच्या बाजूची पिढीजात चौकशी करावी. ज्यांनी पोथ्या नसताना शनिवार सांभाळला, त्यांना आता पुरावा मागितला जात होता. इथे एक गोष्ट घडली, जी मुंबईत दीडशे वर्षांत जमली नव्हती: सगळे एकत्र आले. लोद, बेरशेबा, दिमोना इथल्या वसाहतींतून माणसं जेरूसलेमला जमली आणि धरणं धरून बसली. ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं आणि त्यांचे हक्क इतरांइतकेच असल्याचं जाहीर केलं. गोरा-काळा हा भेदही तिथल्या मातीत फार दिवस तगला नाही.

आज भारतात उरलेले यहुदी थोडे आहेत. 2011 च्या जनगणनेत सगळे मिळून पाच हजारही भरले नाहीत. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि कोकणातल्या काही मंदिरांत ते जमवायला आसपासच्या गावांतून माणसं बोलवावी लागतात. बोलावलं की येतात. इस्राएलमधल्या बेने इस्राएलांची संख्या आता भारतातल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहे. तिथून ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक निघतं, त्यात लग्नकार्यांच्या बातम्या, आठवणी, कविता असतात. लोद आणि दिमोनाच्या भारतीय दुकानांत पोहे, गूळ आणि नारळ मिळतात. मुलगा सैन्यात भरती होताना, नातवाची सुंता असताना, नव्या सदनिकेची किल्ली मिळाल्यावर तिथेही ताट मांडलं जातं, आणि शेजारी मोरोक्कोचे असोत की रशियाचे, त्यांच्याही हातावर मलिदा ठेवला जातो.